निसरडे सूप

कोरियातल्या देगू शहरात राहणाऱ्या बोमीचा वाढदिवस दरवर्षी प्रवेशपरीक्षेच्या आठवड्यात येई. तिथल्या रीतीप्रमाणे वाढदिवसाला समुद्रशेवाळाचे सूप हवेच. पण परीक्षेआधी निसरडे शेवाळ खाल्ले की मूल घसरते, अशी समजूत. गेल्या वर्षी आईने ते केले नाही, तरी प्रवेश हुकला. यंदाचा प्रयत्न शेवटचा. वाढदिवसाच्या सकाळी आई मुळा चिरता चिरता इतिहासाचे प्रश्न विचारत होती. बोमी अडखळत होती. "सूप कुठंय, आई?" "वेडी का गं? उद्या घसरायचंय?" "गेल्या वर्षी कुठं प्यायले होते? तरी आपटलेच ना!" सुरी थांबली. "मी जन्मले तेव्हा बाळंतपणात तू महिनाभर हेच सूप प्यायलीस. मला कधी हातातून निसटू दिलंस?" आईने फडताळात दडवलेले शेवाळ भिजत घातले. सूप भुरकत बोमी म्हणाली, "आता विचार." "गोरियो राजांची राजधानी?" "केसोंग!" ती अडखळली नाही. आईने दुसरी वाटी भरली, स्वतःसाठी.