कुमसारात सांगितलेलं पाप

इनासने वेदीवरचं पितळी मेणबत्तीचं स्टँड फादरांच्या कपाळावर हाणलं. पांढरा झगा रक्ताने भिजला. चर्चच्या अंगणात लसीसाठी रांगेत उभी असलेली माणसं किंचाळत मागे सरली.

"गर्भ पाडून मिळवलेल्या पेशींवर बनलेली लस देवाच्या दारात टोचता?" इनासने लसीच्या खोक्याला लाथ घातली. काही कुप्या फरशीवर फुटल्या.

"ते पाप झालं तेव्हा आपण नव्हतो रे," फादर कपाळ दाबत म्हणाले. "पण आज शेजारी आपल्यामुळे मेला, तर ते पाप आपलं."

"न जन्मलेल्या बाळांचं रक्त आहे यात!" त्याने पुन्हा हात उगारला. फादर त्याच्याकडे नुसते पाहत राहिले.

रांगेतून त्याची बायको कार्मेलीन पुढे आली. तिने त्याचं मनगट धरलं.

"फादर बोलणार नाहीत. कुमसारात, पापाच्या कबुलीत ऐकलेलं ते मरेपर्यंत पोटात ठेवतील. पण सांगितलं मी होतं, मी बोलेन." लस टोचून घ्यायला तिने दुसऱ्या हाताची बाही दातांनी वर ओढली. "तिसरीही मुलगीच आहे म्हणून, पोट पाडायला मला केसाला धरून कोणी नेलं होतं, इनास?"