चार-चार बोटं

“डॉक्टर, तुमी मला गावात कामचुकार ठरवलंसा.”

भाऊसोनं हे तोंडावर म्हटलं, तेव्हा डॉक्टर त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती कापड, मानेला साबण. स्टँडवरचं नवं सलून बंद होतं म्हणून आले, नाहीतर कशाला येतायत!

“मी अंगदुखी म्हणालो. कामचुकार लोक म्हणाले. आणि ही खुर्ची आहे का पाट? गुडघे हनुवटीला लागतायत.”

“हात वर जात न्हाईत. मग खुर्चीच खाली आनली. तीन बारी करवत लावली पायांना. चार-चार बोटं.”

डॉक्टर हसले. भाऊसो हसला नाही.

आरसा मात्र जुन्याच खिळ्यावर, उंच राहिला होता. तो उतरवायला खांदे उचलायला हवेत, आणि हाक मारावी असं घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला आरशात काही दिसत नसे. भाऊसोला दिसे तो स्वतःच, गावाच्या दाढ्या करणारा, दोन महिने दाढी वाढलेला. आज सकाळपासून तो त्या दाढीवाल्याशीच बोलत होता.

“मान खाली.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. भाऊसो बाजूला उभा राहिला, डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरलं आणि वस्तरा टेकवला. कापड घासून आग होते म्हणून त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. त्याच्या नडग्या नेमक्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आल्या.

“थांब. हे जांभळे डाग कधीचे?”

“दुखनं लागलं तवापासनं. दोन सालं झाली.”

“मग दाखवले का नाहीस?”

“दावाया पायजमा वर केला हुता की. तुमी म्हनलासा, पाय नगो, कंबर इकडं कर. आन् सुई मारली.”

डॉक्टरांनी एक डाग बोटानं दाबला. तो फिका पडला नाही. त्यांनी दुसरा दाबला. मग आवाज खाली आला.

“रक्तवाहिन्यांना सूज आली की असं होतं, भाऊसो. स्नायूसुद्धा त्यानंच दुखत असणार. उद्याच्या उद्या सांगलीला जा, चिठ्ठी देतो. रक्त, लघवी तपासायला हवी. आधीच उशीर...”

त्यांनी डागावरचं बोट काढून घेतलं.

“म्हंजी मी खोटं बोलत न्हवतो.”

डॉक्टरांच्या मानेवरचा साबण वाळत चालला.

“पारावर बसून ‘त्याला काय बी झालं न्हाई’ म्हनताना लय मोठा आवाज हुता तुमचा. माझी गिऱ्हाइकं तितंच बसली हुती.”

डॉक्टर उठायला गेले. खुर्ची इतकी खाली, की आधाराशिवाय उठता येईना. त्यांनी वर हात केला.

भाऊसोचा हात जागचा हलला नाही.

“चिठ्ठी द्या. जातो मी सांगलीला. पन आदी ह्ये सांगा, तुमी पारावर कवा जाताय?”