टेकडीवरून परतणारा ठिपका

या वेळीही आई टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवरून मागे फिरली.

तोमोए पडद्याकडे बघत राहिली. कोबे शहरातल्या संगणक केंद्राच्या इमारतीत हजारो संगणक एका सुरात घुमत होते आणि तिचं गाव निळसर उजेडात तरंगत होतं. समुद्र आवाज न करता वर येत होता, उतू जाणाऱ्या दुधासारखा. गावकरी म्हणजे पिवळे ठिपके. सगळे टेकडी चढत होते. बंदराच्या गल्लीतला एकच ठिपका, आईचा, खाली उतरला, घरापाशी पोचला आणि विझला.

लाट खोटी, ठिपका खोटा. तरी तोमोए दर वेळी काहीतरी बदलून पुन्हा लाट सोडायची.

"बंदराची भिंत उंच करून पाहिलीस?" शेजारच्या टेबलावरून तिचे सहकारी इनागाकीसान यांनी विचारलं.

"पाहिली. रस्ता रुंद केला, भूकंप सकाळचा केला. ही आपली परत येते."

"खऱ्या आईवर गेलीय म्हणायची."

तोमोएला हसू आलं नाही. त्सुनामीतून वाचलेल्यांशी बोलून बोलून माणसांच्या वागण्याचे नियम तिनेच यंत्रात घातले होते. ते सहसा चुकत नसत.

शनिवारी ती गावी गेली. आई अंगणात मासे वाळत घालत होती. आत बाबांच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती.

"भूकंप झाला तर फोटोसाठी परत यायचं नाही हं, आई."

"तुझे बाबा आता कशाला बुडतायत? मी नाही यायची."

"मग यंत्रात का येतेस?"

"ते तुझ्या यंत्राला विचार. आणि तुझं मतदानाचं पत्र आलंय, जाताना ने."

तोमोए चिडली. घर विकून टाक आणि कोबेला चल, म्हणाली. आईने हातातला मासा उलटून ठेवला.

"यंत्रात अजून एकदा बघ," ती म्हणाली. "तेव्हाही बुडाले तर येते. मग घराचं काय ते कर."

तोमोएने होकार दिला. या अंगणाशिवाय आई कशी जगेल, ते तिला कळत नव्हतं.

सोमवारी तिने पुन्हा लाट सोडली. निळं पाणी हळूहळू गल्लीत शिरलं. ठिपका पायऱ्या चढला, थांबला, खाली उतरला, विझला. तोमोएने आईला सांगायला फोन उचलला.

"थांब जरा," इनागाकीसान म्हणाले. "ती का फिरते ते तरी बघू." त्यांनी ठिपक्याची माहिती उघडली. "घरचं माणूस टेकडीवर दिसत नाही म्हणून. तुझाच नियम आहे."

"घरचं कोण? बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते."

"नगरपालिकेने दिलेल्या माहितीत दोघी आहेत."

ते बाजूला सरकले. तोमोएने वाचलं: मुलगी, वय चौतीस. कॉलेजसाठी गाव सोडलं तेव्हापासून तिने सरकारदरबारी आपला पत्ता बदललाच नव्हता, आणि आई दर वेळी तिलाच शोधायला खाली उतरत होती.