सगळ्यांहून जास्त प्रकाश

"काय हो, चमकले का मी?" प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत बायकोने विचारलं.

"आजवरच्या सगळ्यांहून जास्त!" प्राध्यापक रेगे आकडा बघून हरखले होते. माणसाच्या पेशींतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मोजण्यात त्यांची हयात गेली. बायकोला मोजायला मात्र आज वेळ मिळाला, तोही मोजणीसाठी ठरलेला माणूस आला नाही म्हणून.

तिने तिथूनच बहिणीला फोन लावला. "अगं, थकवा-बिकवा काही नाही. यांच्या मशीनमध्ये पहिली आले मी! उद्याची डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्दच करते." लग्नानंतर नवऱ्याने एवढं कौतुक प्रथमच केलं होतं.

रेग्यांचं हसू ओसरलं. पेशी हैराण झाल्या की जास्त प्रकाश टाकतात, हे ते दरवर्षी वर्गात शिकवत. घरात महिनोन्महिने चाललेलं 'दमले हो' मात्र त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"रद्द करू नकोस," ते म्हणाले. "मीही येतो."

"तुम्ही? कॉलेज बुडवून?"

"हो."

तिने फोन हळूच खाली ठेवला. आकडा तिला समजला नव्हता. पण नवरा रजा काढून दवाखान्यात सोबत येतोय म्हटल्यावर समजायचं ते समजलं.