मिटणारं छप्पर

पठारावर वणवा भडकला तेव्हा वैजयंता पारूकाकूंच्या घरावरचे जुने पत्रे काढून, आग लागताच घर बंद करणारं नवं छप्पर बसवून नुकतीच खाली उतरली होती. वस्तीतलं ते पहिलंच तसलं छप्पर, म्हणून सगळ्यांनी आपापली पोरं तिथे आणून सोडली; वैजयंता नि काकूही त्यांच्यासोबत आत थांबल्या. वाऱ्यावर उडत आलेली ठिणगी वर पडली मात्र, छपरानं घराची दारंखिडक्या आपोआप घट्ट मिटून घेतल्या. काकूंचे यजमान तेवढे गोठ्यातल्या म्हशी सोडायला गेले होते.

थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. "पारू, उघड गं!"

आग ओसरेपर्यंत दार उघडणार नव्हतं. छपराची वायर तोडली तर उघडलं असतं, पण मग पुन्हा मिटलं नसतं. वैजयंतानं पक्कड उचलली. काकूंनी तिचं मनगट धरलं.

"नको. पोरं आहेत आत."

थापा थांबल्या, तरी काकूंनी मनगट सोडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीनं वैजयंताला बोलावलं. त्यांनाही तसंच छप्पर हवं होतं. पहिल्याच घरात हत्यारांची पिशवी खाली ठेवून तिनं आधी विचारलं, "या घरातलं रानात कोण जातं?"

घरातल्या बाईनं शिडी आणून भिंतीला लावली.