खडखडाटातली चौकशी

चौकशीला येणारे साहेबलोक कामगाराला माणूस समजतच नाहीत, मागाचा एखादा सुटा भाग समजतात. नाहीतर कामठीच्या त्या पॉवरलूम कारखान्यात साहेब इतका बिनधास्त वागला नसता.

मागाच्या पट्ट्यात सापडून ताराचंदची दोन बोटं तुटली होती. पट्ट्यावर जाळी नव्हती, एवढं साहेबानं लिहिलं की त्याला भरपाई मिळणार होती. नाहीतर उरलेला हात हलवत घरी.

"माग बंद करू का, साहेब?" शेठनं विचारलं.

"चालू द्या. कामाचा खोळंबा नको," असं म्हणून साहेब शेठला ऐन खडखडाटात घेऊन गेला. कानात तोफा सुटाव्यात असा तो आवाज. तिथं दोघं समोरासमोर उभे राहून अगदी मनमोकळं बोलले. दाराशी उभा असलेला ताराचंद त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला.

मग बाहेर येऊन साहेबानं कागदात डोकं खुपसूनच विचारलं, "तुझं काही म्हणणं?"

ताराचंद गप्पच.

शेठ हसला. "बहिरा आहे जी तो. जोरात बोला."

"हाओ जी, बहिराच आहो," ताराचंद शेठच्या तोंडाकडे पाहत म्हणाला. "मागापायी कान गेले. इथं आमी सारेच आता मानसाचे ओठ पाहून समजून घेतो."

साहेबाचा हात आपसूक तोंडावर गेला.


"आता काहून झाकता, साहेब? मी दारू पेऊन मागावर होतो, असं लिहाले तुमी कबूल काहून झाले, ते सांगा!"