पुलावरचे चौदा सेकंद

मुलांनो, समजा तुम्ही एका वर्गात बसला आहात. मधली सुट्टी नुकतीच संपली आहे आणि बाईंनी फळ्यावर लिहिलंय: 'गाजलेला सिनेमा – माझं मत.'

सगळ्यांचा सिनेमा अर्थातच एकच होता. महिनाभर भिंतीभिंतीवर त्याचीच पोस्टरं होती.

"बाई, हीरो तीस जणांना लोळवतो आणि त्याचा भांगसुद्धा मोडत नाही!" पहिल्या बाकावरचा जाड्या म्हणाला. "आमचे आजोबा मध्येच घोरायला लागले, तरी म्हणतात झकास होता."

"आजोबांचं मत नको, तुझं सांग," बाई म्हणाल्या.

खिडकीपाशी एक मुलगी गप्प बसली होती. ती हल्ली गप्पच असे, म्हणून मुलं तिला घुमी म्हणत. बाई शाळेत नव्या होत्या.

"तू पाहिलास का गं?"

घुमीने उजव्या कानाची पाळी ओढली. बोलण्याआधी ती तसं करायची.

"नऊ वेळा."

वर्गाने आ वासला.

"बाप रे! इतका आवडला?"

"नाही. वाईट आहे. गाणी लांबलचक आहेत. पुलावरून उडी मारतो, तेवढंच चांगलं आहे. चौदा सेकंद."

"आणि मग हीरो पाण्यातून वर येतो!" जाड्या ओरडला. "खरी मजा तर तिथेच!"

"पहिल्यांदा पाहिलं. आता तेव्हा मी डोळे मिटते."

"भित्री भागूबाई!"

"उडी मारताना त्याच्या जाकिटाची बाही आखूड असते," घुमी त्याच सुरात म्हणाली. "वर येतो तेव्हा बरोबर बसते."

"घ्या! चुका काढायला नऊ वेळा गेली!"

वर्ग हसला. घुमी हसली नाही, रागावलीही नाही.

बाईंनी तिची वही उचलली. कव्हरवर नाव होतं, आडनाव होतं. मध्ये बोटभर जागा कोरी.

"पूर्ण नाव लिहावं, बाळ. काम अर्धवट ठेवू नये. उद्या मत लिहून आण आणि हेही."

"उद्या आणते," घुमी म्हणाली. "आज त्याचा शेवटचा खेळ आहे. उद्यापासून दुसरा लागतो."

शाळा सुटली तेव्हा आई फाटकाशी उभी होती. शिलाईच्या दुकानातून ती परस्पर आली होती. खांद्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"आज नाही गेलीस तर चालणार नाही का गं?"

"मग कधी जाऊ?"

आईने तिचा हात धरला. दोघी चालू लागल्या.

सिनेमागृहाच्या दारावरचे काका घुमीला आता ओळखत होते. "आलीस? एव्हाना तोंडपाठ झाला असेल! आणि ताई, तुम्ही एकदाही आत जात नाही?"

"मला उंचावरचं बघवत नाही," आई म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

घुमी नेहमीच्या खुर्चीत बसली. गाणी झाली, मारामाऱ्या झाल्या. मग पूल आला.

निळ्या जाकिटातला माणूस पाठमोरा उभा होता. त्याने उजव्या कानाची पाळी ओढली, धावत सुटला आणि कठड्यावरून झेपावला. घुमी मनात आकडे मोजत होती. चौदा झाले तशी तिने डोळे मिटले. शिट्ट्या वाजल्या, म्हणजे हीरो वर आला होता.

एरवी ती एवढ्यावर उठून जायची. आज बसून राहिली.

सिनेमा संपला. दिवे लागले, खुर्च्या खाडखाड मिटल्या. पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकू लागली. कोणी गाड्या चालवल्या, कोणी जेवण रांधलं, कोणी कपडे शिवले, सगळ्यांची नावं होती. वाचणारं कोणी नव्हतं.

"संपला गं," काका दारातून म्हणाले. "तुझी आई वाट बघतेय."

"थोडं राहिलंय, काका."

अक्षरं थांबली. काळ्या पडद्यावर एकच ओळ उरली: 'पुलावरून उडी घेणाऱ्या आमच्या दिवंगत साथीदारास.' तिच्याखाली एक नाव होतं.

घुमीने दप्तरातून वही काढून गुडघ्यावर ठेवली. आणि कव्हरवर, आपलं नाव आणि आडनाव यांच्यामधल्या कोऱ्या जागेत, पडद्याकडे बघत बघत एकेक अक्षर करून तिने ते नाव लिहिलं.